विकत घेतलेला ओहम

माझ्या आजोळीं धान्य मोजावयाची जी पायली होती ती शेजारच्या गांवच्या पायलीहून थोडी मोठी होती, आणि आजोबांना या गोष्टीचा फार अभिमान वाटे. पायली मोठी तर गांवाचें मन मोठें, असा त्यांचा सरळ हिशेब होता. त्या पायलीनें घेणारा खूष होतो आणि देणारा कुरकुरतो, हें त्यांना कळत नसे असें नाहीं. पण माप हें गांवाच्या अब्रूशीं बांधलेलें असावें, कोठल्या तरी दूरच्या कचेरींतील पितळी भांड्याशीं नव्हे, अशी त्यांची पक्की समजूत होती. १९५६ सालीं मेट्रिक वजनामापांचा कायदा झाला आणि पुढें कांहीं वर्षांनीं शेर, पायली, मण हीं सारीं मापें कागदोपत्रीं निवृत्त झालीं. आजोबांची पायली मात्र माझ्या लहानपणापर्यंत तांदुळाच्या कणगींत आपली नोकरी इमानानें करीत होती.

धान्याचें माप निदान डोळ्यांना दिसतें. संशय आलाच तर दुसऱ्या भांड्यांत ओतून पाहतां येतें. विजेचें तसें नाहीं. दर महिन्याच्या बिलावर अमुक इतकीं युनिटें खर्च झालीं असें छापलेलें असतें, आणि आपण पंख्याकडे एक दोषारोपाची नजर टाकून पैसे भरतों. दाराजवळच्या त्या मीटरवर आपण विश्वास ठेवतों तो कोणाच्या भरंवशावर? तो मीटर ज्या कारखान्यांत तयार झाला तेथें त्याला त्याहून चांगल्या मीटरशीं ताडून पाहिलेलें असतें, त्या चांगल्या मीटरला कोणीतरी आणखी चांगल्या प्रमाणाशीं ताडलेलें असतें, आणि अशी एकेक पायरी चढत गेलें म्हणजे शेवटीं आपण नव्या दिल्लींतील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या दारांत येऊन पोंचतों. १९४७ च्या ४ जानेवारीस पंडित नेहरूंच्या हस्तें हिची कोनशिला बसली आणि डॉ. के. एस. कृष्णन् हे हिचे पहिले संचालक झाले. खालच्या मापाला वरच्या मापाशीं असें ताडून पाहण्यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. या लांबलचक साखळींतील एक कडी, आणि तीहि खालून मोजली तर बरीच वरची, आज माझ्या अभ्यासिकेंत पुस्तकांच्या कपाटाच्या तळच्या खणांत बसलेली आहे. ती मीं भंगारांतून विकत घेतली.

मी पदार्थविज्ञान शिकवतों आणि जुन्या मोजमापाच्या यंत्रांचा मला छंद आहे. छंद हा शब्द माझा. घरांत त्याला दुसरा शब्द आहे. ‘अहो, भंगार विकून पैसे घेणारे पुष्कळ पाहिले, पैसे देऊन भंगार आणणारे तुम्ही एकटेच,’ असें अधूनमधून ऐकूं येतें, आणि निव्वळ विधान म्हणून पाहिलें तर त्यांत खोडून काढण्यासारखें फारसें कांहीं नाहीं. पुण्याच्या जुन्या बाजारांत आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील गल्ल्यांत माझी बरीच पायपीट झाली आहे. चिखलीजवळच्या कुदळवाडींत भंगाराचीं जीं अफाट गोदामें होतीं, आणि जीं २०२५ च्या फेब्रुवारींत महापालिकेनें जमीनदोस्त केलीं, त्यांतहि मीं कित्येक रविवार घालवले आहेत. एखादा कारखाना बंद पडला, किंवा त्यानें जुनीं यंत्रें काढून आंकड्यांच्या नव्या पेट्या आणल्या, कीं तेथल्या तपासणी-विभागाचें सारें सामान वजनावर निघे. ज्या पेटीला आयुष्यभर कोणी घामट हातानें शिवूं दिलें नाहीं ती मग ट्रकमधून गडगडत येई आणि लोखंडी खिडक्यांच्या ढिगावर उताणी पडे.

अशा खरेदींत नवखा मनुष्य यंत्राच्या चेहऱ्याला भुलतो. मी घासूनपुसून लखलखीत केलेल्या यंत्रापासून चार पावलें दूर राहतों. जुन्या रोधपेट्यांत पितळी ठोकळ्यांच्या मध्यें निमुळत्या पितळी खुंट्या बसवलेल्या असतात. खुंटी नि खांच एकमेकींत घोटून घोटून अशा जमवलेल्या असतात कीं त्यांच्यांत हवेचा पापुद्राहि राहूं नये. विक्रीसाठीं म्हणून कोणी त्यांवर पॉलिशकागद फिरवला कीं पितळ चकाकतें खरें, पण खुंटी कायमची सैल होते. उलट धुळीनें माखलेली, कोळ्यांच्या जाळ्यांत गुरफटलेली, पण जिचें लाखेचें मोहोर शाबूत आहे अशी पेटी दिसली कीं माझा हात आपोआप खिशाकडे जातो. धूळ हा पुष्कळ वेळां पहारेकरीच असतो. ती बसलेली आहे याचा अर्थ मध्यंतरीं कोणी हुषारी केलेली नाहीं.

२०१९ च्या उन्हाळ्यांत असाच एका गोदामांत हिंडत असतां एक लांकडी पेटी दिसली. आंत एक पितळी डबा होता. त्याच्या माथ्यावरून तांब्याचे दोन जाड बाहू बाहेर आलेले आणि शेजारीं दोन लहान जोडखुंट्या. पट्टीवर फिलाडेल्फियाच्या लीड्स अँड नॉर्थ्रप या कंपनीचें नांव आणि त्याखालीं एवढेंच: १ ओहम. विजेच्या प्रवाहाला तार जो अडथळा करते त्याला रोध म्हणतात, आणि ओहम हें त्याचें माप, हें शाळेंत शिकलेलें वाचकांना आठवत असेल. त्या डब्यांत दुसरें कांहीं नाहीं, एक तार आहे. पण ती तार करण्यामागें एका पिढीची बुद्धि खर्ची पडलेली आहे. ती मँगॅनिनची असते: शंभरांत सुमारें चौऱ्याऐंशी भाग तांबें, बारा भाग मँगॅनीज आणि उरलेलें निकेल. या मिश्रधातूचा रोध उन्हानें किंवा थंडीनें जवळजवळ हलत नाहीं. शिवाय तांब्याशीं तिचा सांधा केला तर तेथें उष्णतेनें जी चोरटी वीज उत्पन्न होते तीहि अगदीं नांवाला. अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्डस् या संस्थेंतील थॉमस या शास्त्रज्ञानें १९३० च्या सुमारास असें दाखवून दिलें कीं, तार गुंडाळतांना तिच्या अंगांत जो ताण भरतो तोच पुढें वर्षानुवर्षें हळूहळू सुटत राहतो आणि मापाला ढळवतो. म्हणून त्यानें गुंडाळी निर्वात भट्टींत चांगली तापवून सावकाश निववली आणि मग एकांत एक बसवलेल्या दोन नळकांड्यांच्या मध्यें कोरड्या जागीं कायमची बंद करून टाकली. अशाच मूठभर थॉमस-रोधकांच्या सरासरीवर सबंध अमेरिकेचा ओहम १९९० पर्यंत तोलून धरलेला होता.

त्याला टोकें चार कां, असें माझे विद्यार्थी दरवर्षीं विचारतात. प्रवाह एका दारानें यावा-जावा आणि मोजणारानें दुसऱ्याच दारांतून डोकावावें, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांची धूळ मोजणाराच्या हिशेबांत येत नाहीं, असें मी सांगतों. ज्या घराला माजघर नि ओटी निराळीं होतीं त्या घरांतल्या मुलांना हें चटकन् कळे. हल्लींच्या मुलांना आकृति काढून दाखवावी लागते.

डब्याच्या कुशीला मात्र बोटभर लांबीचा एक पोचा पडलेला होता. तो पाहून माझें मन एकदम खट्टू झालें. पोचा कारखान्यांत पन्नास वर्षांपूर्वींचा असेल तर कांहीं बिघडलें नाहीं. काल ट्रकमधून फेकतांना पडला असेल, तर आंतील तारेला हिसका बसून तिचा तो मोठ्या कष्टानें मिळवलेला शांतपणा संपलेला असणार. आणि वरून पाहून दोहोंतला फरक सांगतां येत नाहीं.

गोदामाचा मालक माणूस दिलदार होता. ‘सर, असल्या डब्याला कोण विचारतंय? पितळेचा भाव लावूं,’ असें तो म्हणाला. पुढें माझा चेहरा पाहून त्यानें भावांत दुरुस्ती केली. प्राध्यापकाला वर्गांत तासन् तास निर्विकार चेहरा ठेवण्याची संवय असते, पण ती संवय मोहाच्या जागीं उपयोगीं पडत नाहीं असा माझा अनुभव आहे. पैसे देऊन मीं पेटी उचलली तों झांकणाच्या आंतल्या बाजूला चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठीकडे लक्ष गेलें. सुबक अक्षरांत लिहिलें होतें: नोंदींसाठीं रजिस्टर नंबर तीन पाहावें.

‘या सामानाबरोबर वह्या आल्या होत्या का हो?’ मीं विचारलें.

‘आल्या असतील कीं. पण त्या रद्दींत. रद्दीचा धंदा भावाचा आहे.’ तो हंसला. ‘वही घेऊन काय करणार, सर? त्यांत वीज थोडीच आहे?’

भावाची रद्दी मागच्या अंगणांत होती. तेथें दोन तास ढिगारा उपसल्यावर, माझ्याबरोबर हौसेनें शोधणाऱ्या एका पोरानें रजिस्टर नंबर तीन वर काढलें. पुठ्ठा गेलेला, आणि मागचीं पानें गठ्ठ्यानें फाडून नेलेलीं. उरलेल्या पानांवर १९७४ पासून १९९१ पर्यंत, दरवर्षीं एक किंवा दोन, अशा त्याच डब्याच्या नोंदी होत्या: तारीख, तेलाच्या टाकीचें उष्णतामान, ताडलेली किंमत, आणि शेवटीं एक लहानशी सही. पुढचीं पानें कोठें आहेत म्हणून विचारतां, ‘कालच गाडी भरून गेली,’ असें उत्तर आलें.

रद्दीच्या भावानें ती वही मला साडेचार रुपयांस पडली. माझ्या सबंध संग्रहांत इतकी मोलाची दुसरी वस्तु नाहीं.

यांतील मर्म नवख्याला सांगून पटत नाहीं. लोकांना वाटतें कीं अशीं यंत्रें अचूक असतात म्हणून मौल्यवान. खरें पाहतां या डब्याचा रोध बरोबर एक ओहम कधींच नव्हता. वहीप्रमाणें १९७४ सालीं तो एक ओहमहून दशलक्षांत सहा भागांनीं अधिक होता आणि १९९१ सालीं साडेआठ भागांनीं. कारखान्यांतील त्या अनामिक सहीवाल्यानें तो ‘दुरुस्त’ करण्याचा यत्न एकदांहि केला नाहीं. त्यानें फक्त लिहून ठेवलें. किती चुकतो आणि चूक कोणत्या गतीनें वाढते हें ठाऊक असलेला रोधक कामाचा. आणि ज्याची चूक कोणालाच ठाऊक नाहीं तो नुसता पितळेचा डबा, मग तो कितीहि अचूक कां असेना. ही किंमत धातूंत नसते, वहींत असते. डबा नि वही यांची ताटातूट झाली कीं दोघांनाहि भंगाराचा भाव येतो, आणि आपल्याकडे तर दोघांचे व्यापारीहि निराळे असतात.

यामुळें जुन्या यंत्रांच्या डागडुजींत हात आंवरणें हेंच मोठें काम होऊन बसतें. त्याच ढिगांतून मीं एक रोधपेटी आणली होती. तिच्या वरची फळी एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कठीण केलेल्या रबराची. हा पदार्थ अंधारांत उत्तम टिकतो; उजेडांत मात्र त्यांतील गंधक सुटून पृष्ठभागावर आम्लाचा सूक्ष्म लेप धरतो आणि तो लेप हवेंतलें पाणी ओढून घेतो. मग जेथून वीज मुळींच जाऊं नये तेथून ती गुपचूप पाझरूं लागते. उपाय साधा: शुद्ध केलेल्या पाण्यानें हलकेंच धुवावें, कोरडें करावें, आणि पुन्हां उन्हाला दाखवूं नये. सांध्यांना स्पिरिटनें ओलावलेलें मऊ फडकें पुरतें. एवढें झालें कीं आपलें काम संपलें. आंतल्या एखाद्या गुंडाळीची किंमत थोडी ढळलेली दिसते, जवळ डाग देण्याची कांडी तापलेली असते, आणि तारेचा तुकडा वाढवून ती अगदीं बरोबर करण्याचा मोह होतो. तो मी टाळतों. पेटीबरोबर एक चौकडीचा कागद ठेवतों आणि प्रत्येक गुंडाळीपुढें तिचा फरक लिहितों. माझ्या एका स्नेह्यांना, जे जुन्या मोटारी दुरुस्त करतात, हा शुद्ध आळस वाटतो.

या पेटीनें मला एक गंमत दाखवली. वैशाखांत लिहिलेले फरक आषाढांत जुळेनात. शंभर ओहमच्या गुंडाळ्या सगळ्या मिळून वर सरकल्या होत्या, आणि दिवाळीनंतर त्या पुन्हां मुकाट्यानें खालीं आल्या. तारेवर चपड्याचें रोगण असतें. तें दमट हवेंत पाणी पिऊन फुगतें आणि तारेला किंचित् ताणतें, कोरड्या हवेंत तें आकसतें. अमेरिकेंत रोझा यांनीं ही गोष्ट १९०७ सालींच नोंदवून ठेवली आहे, आणि त्यावरूनच पुढें रोधक हवाबंद करण्याची चाल पडली. पुस्तकांत हें मीं वाचलें होतें. पण पेटींतल्या तारेला आपल्याकडला पाऊस कळतो, हें स्वतःच्या आंकड्यांत पाहण्यांत निराळीच मौज आहे. त्या वर्षीं पाऊस उशिरां आला तेव्हां पेटीहि उशिरां सरकली.

कांहीं वस्तु मात्र परत उभ्या राहात नाहींत. एडवर्ड वेस्टनचा कॅडमियमचा घट ही अशी एक नाजूक चीज आहे. इंग्रजी एच् अक्षराच्या आकाराची कांचेची नळी, एका पायांत पारा, दुसऱ्यांत कॅडमियम नि पारा यांचें मिश्रण, वरून कॅडमियम सल्फेटचें पाणी. याचें पेटंट १८९३ चें. पण जगाला एक समान व्होल्ट मिळावा म्हणून वेस्टननें आपला हक्क सोडून दिला, आणि १९११ पासून कित्येक दशकें जगांतील प्रयोगशाळांचा व्होल्ट याच घटावर उभा होता. वीस अंश उष्णतेला तो सुमारें १.०१८६ व्होल्ट देतो, मात्र त्याच्याकडून वीज मागावयाची नाहीं. फक्त तुलना करावयाची. त्याला कलता करावयाचा नाहीं, हिसका द्यावयाचा नाहीं, आणि प्रवास घडलाच तर कित्येक आठवडे विसांवा द्यावयाचा. मला मिळालेले तिन्ही घट गोदामांत डोक्यावर उभे होते. पारा भलत्या पायांत गेलेला. दोन्ही धातु विषारी असल्यामुळें ते उघडण्याचा प्रश्नच नव्हता. ते आहेत तसे कांचेच्या बंद बरणींत ठेवले आहेत आणि बरणीवर तसें ठळक लिहिलें आहे. त्यांच्याहि वह्या कोठें तरी असतील.

योगायोग असा कीं, ज्या उन्हाळ्यांत हा ओहम माझ्या घरीं आला त्याच उन्हाळ्यांत, २० मे २०१९ पासून, जगाचा ओहम कोणत्याहि वस्तूवर अवलंबून राहिला नाहीं. निसर्गांतील दोन स्थिरांकांच्या किंमती कायमच्या ठरवून दिल्या गेल्या आणि ओहम त्यांतून निघूं लागला. याचा पाया १९८० सालीं क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांच्या शोधानें घातला. अतिशय थंड आणि प्रबळ चुंबकक्षेत्रांत ठेवलेल्या एका पातळ थराचा रोध कोठेंहि, कोणीहि मोजला तरी २५,८१२.८०७ ओहम या एकाच संख्येशीं बांधलेला आढळतो. १९९० च्या १ जानेवारीस देशोदेशींचे ओहम या शोधाशीं जुळवून घेण्यांत आले, तेव्हां अमेरिकेचा ओहम दशलक्षांत सुमारें १.७ भागांनीं वाढवावा लागला. म्हणजे त्या रात्रीं तेथील प्रत्येक रोधकाची लिहिलेली किंमत, तो जागचा तसूभरहि न हलतां, तितकी उतरली. जुनी वही वाचणारानें अशा पायऱ्या ध्यानांत ठेवाव्या लागतात. मोजलेली वस्तु हलली कीं मोजणारें माप, हें एका नोंदीवरून कधींच सांगतां येत नाहीं. आजोबांना हें ऐकून बरें वाटलें असतें. तेव्हां आतां तारेचें काम काय, असें कोणी विचारील. पण द्रव हेलियम आणि प्रचंड चुंबक प्रत्येक कारखान्यांत नेतां येत नाहींत. खालच्या पायऱ्यांवर आजहि तारच आहे.

राहिला प्रश्न पोच्याचा. वहींतल्या नोंदी मीं चौकडीच्या कागदावर मांडल्या. ठिपक्यांतून एक सौम्य चढती रेषा निघाली. चढहि उत्तरोत्तर मंद होत जाणारा, जसा चांगल्या जातीच्या रोधकाचा वयाबरोबर होतो. ती रेषा पेन्सिलीनें पुढें नेली. वाटेंत एखादी पायरी असूं शकेल हें धरून, २०२२ सालीं हा डबा दशलक्षांत दहा ते तेरा भाग अधिक असावा असा अदमास निघाला. तार दुखावलेली असेल तर निकाल या पट्ट्याच्या बाहेर, कदाचित् पुष्कळ बाहेर, पडावयास हवा होता. मग एका मान्यताप्राप्त प्रयोगशाळेला पत्र घातलें. तिची फी डब्याच्या किंमतीहून बरीच अधिक होती. ती रक्कम घरीं सांगण्यास मला दोन दिवस लागले. ‘म्हणजे तो किती चुकतो हें विचारायला एवढे पैसे?’ असा प्रश्न आला. मीं होय म्हटलें. ‘आणि चुकत असला तर दुरुस्त करून देतील?’ मीं नाहीं म्हटलें. त्यावर थोडा वेळ कोणी कांहीं बोललें नाहीं. मग, ‘मांडीवर घेऊन जा, पुन्हां पोचा नको,’ एवढें उत्तर आलें.

मीं तो मांडीवर घेऊन गेलों. प्रमाणपत्र पांच आठवड्यांनीं हातीं आलें. अकरा भाग अधिक. अनिश्चितता दोन भाग. पोचा जुनाच होता, किंवा नवा असला तरी तारेपर्यंत पोंचला नव्हता. मीं तो कागद त्या सहीवाल्याला दाखवूं शकलों असतों तर फार बरें झालें असतें. १९९१ च्या नोंदीनंतर चार ओळी मोकळ्या सोडून मीं त्याच वहींत २०२२ ची नोंद केली आणि मागें कोरीं पानें शिवून घेतलीं. यंदा पुन्हां पाठवावयाचा आहे. पैसे बाजूला काढून ठेवले आहेत.

मध्यंतरीं आमच्या महाविद्यालयांत निरुपयोगी सामान काढून टाकण्यासाठीं एक समिती नेमली गेली आणि तिच्यावर माझीहि नेमणूक झाली. प्रयोगशाळेंतील पोटेन्शिऑमीटर नि गॅल्व्हॅनोमीटर यांच्याविषयीं पुष्कळ वाद झाला, निम्मे राहिले. सामानाच्या यादींत सतराव्या क्रमांकाला ‘जुन्या नोंदवह्या, वजन अंदाजें चाळीस किलो’ असें होतें. त्यांच्याविषयीं वाद झाला नाहीं, कारण त्यांवर कोणाचेंच लक्ष गेलें नव्हतें. समितीची परवानगी घेऊन त्या मीं तूर्त माझ्या खोलींत हलवल्या आहेत. चाळीस किलो नव्हत्या, चौतीसच भरल्या.